गंजोबाविषयी इंदूताईंचा अभिप्राय

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, आणि देवापुढे हात जोडून उभा राहिलो असताना मनातल्या मनातही नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — तुम्ही कोण हे मला ठाऊक नाही, कदाचित म्हणूनच सांगता येईल. मात्र एखादी गोष्ट मांडण्याची मला एकच रीत येते. तेव्हा आरंभ त्या रीतीनेच करतो.

लिहून देणार: मी, अर्जलेखक, राहणार रत्नागिरी. शिक्षण नववी. याच्यापुढे ‘दहावीस बसलो होतो’ असे जोडण्याची मला सवय आहे. आज ते जोडत नाही. नुकसान झालेल्या व्यक्ती: एक, श्रीमती इंदुमती, मूळ गाव नाटे, ज्यांना सगळे इंदूताई म्हणत, दोन, त्यांची एकुलती मुलगी स्नेहल. घटनेचे ठिकाण: शहरातील एका वाचनालयाचे सभागृह आणि त्याबाहेरचा व्हरांडा. वेळ: आंबा संपत आलेल्या मे महिन्यातील रविवारची सायंकाळ, काही वर्षांपूर्वीची. साक्षीदार: सभागृह भरून माणसे, मात्र आपण कशाचे साक्षीदार आहोत हे त्यांपैकी एकालाही माहीत नाही. विषय: यंत्रमानवावरील एक चित्रपट — हाताने काढलेल्या चित्रांचा — आणि त्याविषयी प्रेक्षकांनी दिलेले अभिप्राय.

वाचताना हे किरकोळ वाटेल. एका कार्टूनविषयी लोक काय म्हणाले, यात अपराध तो कसला? इतकी वर्षे मीही स्वतःला हेच विचारले, आणि प्रत्येक वेळी माझे समाधान झाले. समाधान होणे किती सोपे असते, नाही का?

आधी माझ्या कामाविषयी सांगणे भाग आहे. कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. माणसे येतात ती तापलेली किंवा रडवेली येतात. मी त्यांना सांगतो, “आधी विषय सांगा. रडणे नंतर.” यात निष्ठुरपणा नाही. साहेबासमोर रडणे टिकत नाही, विषय टिकतो. माणूस बोलतो एक, आणि कागदावर जाते ते कचेरीला कळेल असे दुसरे — हेच तर माझे कौशल्य. “भावाने बांध कोरला” असे तो म्हणतो, मी ‘सामाईक हद्दीत अतिक्रमण’ असे लिहितो. तो मान डोलावतो. आपले दुःख इतके भारदस्त आहे हे त्याला तेव्हाच कळते.

आणि दुसरा नियम. ज्याला वाचता येत नाही त्याला लिहिलेले सर्व सावकाश वाचून दाखवायचे, त्याने “बरोबर” म्हटले की मगच अंगठा घ्यायचा, आणि अंगठ्याखाली लिहायचे — ‘वाचून दाखविले, मान्य आहे.’ ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवले. अंगठा देणारा माणूस कागदावर विश्वास ठेवत नाही. तो तुमच्या आवाजावर ठेवतो. हा नियम मी एकदाच मोडला.

इंदूताईंचे यजमान नाटे गावच्या एका मच्छीमार बोटीवर खलाशी होते. बोट परत आली नाही. समुद्रात गेलेला माणूस सापडला नाही तर कागदोपत्री तो बरीच वर्षे बेपत्ताच राहतो; त्याच्या बायकोला धड विधवाही होता येत नाही. इंदूताई लेकीला घेऊन रत्नागिरीत आल्या, आंब्याच्या कॅनिंगमध्ये कामाला लागल्या, आणि सुटीच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन बसू लागल्या. त्यांचा प्रत्येक अर्ज मी लिहिला. बंदर खात्याला, पोलिसांना, तहसीलदारांना, शेवटी न्यायालयासाठी. मी “विषय सांगा” म्हणायचो आणि त्या पदराने तोंड पुसून विषय सांगायच्या. माझ्यासमोर त्या कधी रडल्या नाहीत. अशा पक्षकाराविषयी मनात आदर वाटतो.

स्नेहल तेव्हा माझ्या टेबलाखाली बसायची. बिघडलेल्या कागदांच्या मागच्या बाजूवर माझ्याच पेन्सिलींनी चित्रे काढायची. माझे पाय, खुर्चीचे पाय, रांगेतल्या माणसांच्या चपला. मी कधी वाकून पाहिले नाही. पोर गप्प बसते आहे, एवढे मला पुरेसे होते.

पुढे ती मुंबईला जाऊन चलतचित्राचे काम शिकली, तिथे नोकरी केली, आणि नोकरी सोडून परत आली. लांज्यात हमरस्त्याला एका दुकानाच्या वरची खोली घेऊन, दोन मैत्रिणींना सोबत घेऊन स्वतःचा चित्रपट काढू लागली. वर्षे गेली. इंदूताईंना ते मुळीच पसंत नव्हते. कचेरीच्या आवारात सगळ्यांच्या देखत त्या म्हणायच्या, “चितरं हलवून काय होतंय, भाऊ? चांगली नोकरी होती. लग्नाचं बघायचं सोडून बाहुल्या हलवतेय.” मायलेकींचे बोलणे ‘जेवलीस का’पुरते उरले होते. हे मी का नमूद करतो आहे ते पुढे कळेल. इंदूताई काय म्हणतील हे सगळ्यांना आधीच माहीत होते — निदान तसे सगळ्यांना वाटत होते.

चित्रपट पुरा झाल्यावर स्नेहल माझ्याकडे आली.

“भाऊ, यायचंच तुम्ही. आणि एक काम पण आहे.”

काम असे होते. जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून चित्रपट दाखवणारी एक संस्था होती. स्थानिक लोकांचे अभिप्राय पाहून ती निर्णय घेणार होती. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा लिहायची लाज वाटते, त्यांचे बोलणे मी उतरवून घ्यावे असे तिचे म्हणणे होते. मी होकार दिला. मान मोठा होता. जाताजाता ती थांबली आणि हसून म्हणाली, “पण भाऊ, लोक बोलतील तसंच लिहा हां. तुमच्या भाषेत नको.”

तुमच्या भाषेत नको. तिने सहज म्हटले असेल. पण त्या भाषेवर तिच्या आईला तिच्या बापाच्या मृत्यूचा दाखला मिळाला होता — मला असे वाटले, आणि मी ते बोललो नाही. आणखी एक सांगतो. त्या सुमारास माझ्या शेडसमोर ऑनलाइन अर्जांचे दुकान उघडले होते. संगणकात नमुना तयार असतो; नाव टाकले की अर्ज बाहेर. माझ्यासमोरची बाकडी रिकामी राहू लागली होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी मनात काय काय साठले होते, ते केवळ नोंदवतो आहे.

चित्रपटाचे नाव ‘गंजोबा’. पुढच्या काळातली गोष्ट. समुद्र वर चढला आहे, किनाऱ्यावरची गावे ओस पडली आहेत, माणसे चंद्राच्याही पलीकडच्या वसाहतींत राहायला गेली आहेत. आणि इथे, एका बुडत्या कचेरीच्या व्हरांड्यात, एक जुना यंत्रमानव मागे राहिला आहे. त्याचे काम अर्ज लिहिण्याचे. त्याच्या चष्म्याला दोरी आहे. लिहिण्यापूर्वी तो मान डावीकडे कलती करतो आणि बोटाला थुंकी लावायला जातो, पण यंत्राच्या तोंडात थुंकी कुठून येणार? उरलेसुरले लोक त्याच्याकडे येतात, आणि तो कुरकुरत्या आवाजात म्हणतो, “आधी विषय सांगा. रडणे नंतर.”

सभागृहात एकच हशा पिकला.

मला क्षणभर कळले नाही. मग मागून कोणीतरी ओरडले, “ओ भाऊ, तुमचाच फोटो लावलाय की वर!” दुसरा म्हणाला, “दोरी बघ, दोरी! तीच दोरी!” माणसे वळून पाहू लागली. मी अंधारात हळूच चष्मा काढला. पडद्यावर यंत्राने एका बाईच्या म्हणण्याचे भारदस्त वाक्य केले, आणि लोक आणखी हसले. पुढच्या रांगेत इंदूताई बसल्या होत्या. त्यांनीही मागे वळून माझ्याकडे पाहिले. त्या हसत होत्या की नव्हत्या हे मला दिसले नाही, कारण चष्मा हातात होता. मी मनाशी ठरवले — हसत होत्या.

मध्यंतराची वाट न पाहता मी उठून बाहेर आलो.

म्हणजे ‘गंजोबा’चा उत्तरार्ध मी पाहिलेला नाही. आजतागायत नाही. त्यात काय आहे ते मला केवळ प्रेक्षकांच्या तोंडून माहीत आहे, आणि ते मी त्या संध्याकाळी लिहून घेत असताना समजूनही घेतले नाही. व्हरांड्यात टेबल मांडलेले होते. मी कागद जुळवले, पेन उघडले, बसून राहिलो. आतून काही वेळ हसणे ऐकू आले. मग ते थांबले. बऱ्याच वेळाने टाळ्या झाल्या, त्याही सावकाश, एकेकाने सुरू केल्यासारख्या.

माणसे बाहेर आली ती भांडत आली. कॅनिंगमधल्या दोघी बायका माझ्या टेबलाशी येईपर्यंत थांबल्या नाहीत.

“पोचला गो तो.”

“कशावरनं? दाखवला काय पोचलेला?”

“दाखवलं नाय म्हंजे आपल्याला वाटेल तसं.”

“मला वाटून काय उपयोग? आता मला झोप नाय लागायची. लिवा भाऊ, हिचं नको, माझं लिवा. तो पोचला काय नाय ते सांगायला हवं होतं.”

नाटे गावचा एक तांडेल होता, बोट चालवणारा, इंदूताईंच्या लांबच्या नात्यातला. तो टेबलावर हात टेकून म्हणाला, “लोखंड हाय ना तो? मग खाऱ्या पाण्यातनं एवढा चालेल काय? आमची बोट दरसाल रंगवतो तरी गंजाचा कीस निघतो. त्या पोरीला सांगा, आधी त्याला रंग मारलेला दाखव. म्हंजे पोचेल.” आणि एवढे बोलून तो तिथेच उभा राहिला. जाईना.

लांज्याच्या एका काजूवाल्याने सांगितले, “पयल्यांदा लय हसलो. मागनं काय झालं कळलं नाय. काजूच्या टरफलाचं तेल डोळ्यात गेल्यासारखं झालं. बायको बाजूला होती म्हणून बोललो, धूळ गेली.”

अशी बोलणी. या बोलण्यांतून मला एवढे उमगत गेले, की एक म्हातारी गंजोबाकडे येते. तिची मुलगी दूरच्या वसाहतीत गेलेली असते. तिला मुलीला काही कळवायचे असते आणि ते त्याच्या कुठल्याच नमुन्यात बसत नाही. तेव्हा तो टेबल सोडून उठतो. तिचे बोलणे तोंडपाठ करतो, आणि ज्या बेटावरून अंतराळयाने सुटतात तिथे समुद्रातून चालत निघतो. खाऱ्या पाण्यात गंजत जातो. चित्रपट तिथे संपतो.

आणि मी काय लिहिले? तांडेलाच्या नावावर: ‘सदर चित्रपटात गंभीर शास्त्रीय चुका असून विद्यार्थ्यांची दिशाभूल होण्याची शक्यता आहे.’ कॅनिंगमधल्या बाईच्या नावावर: ‘शेवट अपूर्ण ठेवल्याने मानसिक त्रास झाला व निद्रानाश संभवतो.’ काजूवाल्याच्या नावावर: ‘पूर्वार्धातील विनोद हा कचेरीच्या कामकाजाची टिंगल करणारा असून उत्तरार्धात डोळ्यांस त्रास झाला.’ पाहा — यातले कुठलेही वाक्य पूर्ण खोटे नाही. प्रत्येकाचा धागा त्यांच्या बोलण्यापर्यंत नेऊन दाखवता येईल. मी फक्त त्या धाग्याचे तोंड दुसरीकडे फिरवले होते. गर्दीत कोणी वाचून दाखवा म्हटले नाही. माझ्या हातचे म्हटल्यावर सही करून माणसे पायऱ्या उतरत गेली. स्नेहल आत लोकांच्या घोळक्यात होती. एकदा दारात येऊन तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली — सगळे ठीक ना, अशी. मीही मान हलवली.

इथे थांबलो असतो तर ही केवळ एका दुखावलेल्या माणसाची खोडी ठरली असती. पण मी थांबलो नाही.

इंदूताई सगळ्यांत शेवटी आल्या. रांग संपेपर्यंत त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. समोर बसल्या, पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, “माझं पण लिवा, भाऊ. तिच्यासाठी हाय.”

“बोला.”

“बाय, मी तुला बोलले होते का ही चितरं काढून काय होणार —”

एवढे ऐकले आणि माझा हात चालू लागला. इतक्या वर्षांच्या सवयीने माणसाच्या पहिल्या वाक्यावरून पुढचे सगळे कळते, असा माझा समज होता. त्या बोलत राहिल्या आणि मी लिहीत राहिलो. पण ते एकच नव्हते. मी लिहिले ते असे: ‘सदर चित्रपट माझ्या मुलीने माझ्या इच्छेविरुद्ध तयार केला असून त्यात आमच्या कुटुंबाच्या खासगी दुःखाचे जाहीर प्रदर्शन मांडले आहे. त्यामुळे मला समाजात मान खाली घालावी लागत आहे. हा चित्रपट अन्यत्र कोठेही दाखविण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’

माझे लिहून झाले तरी त्यांचे बोलणे संपले नव्हते. तेव्हा मी मान वर केली. तेव्हा मी ऐकू लागलो. त्यांचे बोलणे माझ्या कागदाच्या कुठल्या कुठे जाऊन पोचले होते. शेवटी शेवटी तर त्या माझ्याविषयी बोलल्या. मी पेन टेबलावर ठेवले.

त्या म्हणाल्या, “झालं. आता वाचून दाखवा.”

कोरा कागद हाताजवळ होता. एक नव्हे, पुष्कळ होते. मला एवढेच करायचे होते की तो लिहिलेला कागद चुरगळून टाकायचा आणि म्हणायचे, “ताई, शाई सांडली, पुन्हा सांगा.” त्यांनी सांगितले असते. का नाही केले? मी या प्रश्नाशी अनेकदा बसलो आहे. संकोच म्हणावे तर व्हरांड्यात आम्ही दोघेच होतो. राग म्हणावे तर तो तोवर उरला नव्हता. काहीच उरले नव्हते. मी तो कागद उचलला, डोळ्यांसमोर धरला, आणि वाचू लागलो — कागदावरचे नव्हे. त्यांचे. त्या जसे बोलल्या होत्या तसे, शब्दाला शब्द. मी लिहीत असताना त्या जे बोलल्या तेही सगळे कानात राहिलेले होते. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, याचा मला नेहमी अभिमान वाटत आला.

इंदूताई डोळे मिटून ऐकत होत्या. एका जागी त्यांनी हलकेच मान डोलावली. मी संपवले.

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “एक पण शब्द इकडचा तिकडे नाय.”

मी शाईचा डबा पुढे केला. त्यांनी अंगठा लावला. बोट पुसायला मी नेहमीप्रमाणे कागदाचा तुकडा दिला. आणि अंगठ्याखाली लिहिले — वाचून दाखविले, मान्य आहे.

संस्थेने चित्रपट घेतला नाही. स्थानिक प्रेक्षकांना रुचलेला दिसत नाही, असे त्यांनी कळवले. अभिप्रायांचा गठ्ठा स्नेहलने स्वतः वाचला. त्यात आईचाही होता. तिला संशय का आला नाही, असे तुम्ही विचाराल. कशावरून यावा? इंदूताई तेच तर कित्येक वर्षे चारचौघांत म्हणत होत्या. शिवाय खाली माझ्या हातची ओळ होती. ती ओळ खरी असते हे टेबलाखाली बसून वाढलेल्या त्या मुलीहून जास्त कोणाला ठाऊक असणार? तिने आईला एका शब्दानेही विचारले नाही. लांज्याची खोली रिकामी केली आणि हैदराबादला जाहिरातींचे काम करायला निघून गेली. फोन करायची. औषध घेतलेस का, पाऊस किती आहे — एवढेच.

आणि इंदूताई वाट पाहत राहिल्या. आपण इतके सारे सांगितले, त्यावर ती कधीतरी काही म्हणेल याची. बाजारातून येताना त्या माझ्या टेबलाशी थांबत.

“भाऊ, वाचलं असंल ना हो तिनं?”

“वाचले असणार.”

“मग काय बोलत नाय ती.”

पहिल्या वेळी मी पुढचा कागद ओढून लिहू लागलो. पुढच्या खेपेस मी त्यांना सल्ला दिला. मी म्हणालो, “ताई, तुम्ही आपणहून विषय काढू नका. असे बोलणे मुलांना अवघड जाते. तिच्या सवडीने तिला बोलू द्या.” हा सल्ला मी का दिला, हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांनी एकदा विषय काढला असता की माझे सगळे उघडे पडले असते. इंदूताईंनी माझे ऐकले. त्या माझे नेहमीच ऐकत. त्या रविवारी मी जे केले त्याहून हे वाईट आहे असे मला वाटते — ते एकदा घडले, हे मी वर्षानुवर्षे करीत राहिलो.

गेल्या श्रावणात इंदूताई वारल्या. रात्री झोपल्या त्या उठल्या नाहीत. बारावे झाल्यावर स्नेहल माझ्याकडे आली, वारसाचे प्रतिज्ञापत्र करून घ्यायला. समोरच्या दुकानात ते लवकर झाले असते, पण ती माझ्याकडेच आली. मी लिहिले. ‘मयत इंदुमती यांची मी एकमेव वारस असून’ — इथपर्यंत आलो तेव्हा तिने विचारले.

“भाऊ, एक विचारू? त्या दिवशी आई नक्की काय म्हणाली होती तुम्हाला? म्हणजे… एवढंच?”

ती माझ्याकडे पाहत नव्हती. टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत होती. मला सर्व पाठ होते. आताही आहे. त्या क्षणी मी तोंड उघडले असते तर पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत एका दमात बाहेर आले असते.

“लिहिले आहे तेवढेच,” मी म्हणालो.

तिने “बरं” म्हटले. सही केली. निघताना वाकून मला नमस्कार केला. मला काय वाटले? काही वाटले नाही. सहीची शाई वाळली की नाही हे मी पाहिले, आणि पुढच्या माणसाला बसायला सांगितले.

ही चूक नव्हती. चूक म्हणजे हातून घडते ती. मी प्रत्येक पायरीवर थांबून पाहिले आणि पुढची चढलो. मला सुटका नको, क्षमाही नको. क्षमा करू शकणारी एक गेली, आणि दुसरीकडे ती मागण्याचा मला अधिकार नाही. हा कागद मी स्नेहलला पाठवणार आहे. तुम्हाला तो वाचायला दिला तो एवढ्यासाठी, की मी पुन्हा डगमगलो तरी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती तो असावा.

माझ्याजवळ त्यांचे जे आहे ते खाली देतो. माझ्या भाषेत नाही.

“बाय, मी तुला बोलले होते का ही चितरं काढून काय होणार. आज बघितलं. ती म्हातारी मीच ना गो? तिच्या चपलीचा अंगठा तारेनं बांधलेला दाखवलास. ती चप्पल मी कवाच टाकली. तू टेबलाखाली बसून तीच बघत होतीस व्हय? मला वाटायचं खेळतेय. मी तुझ्यापुढं कधी रडले नाय, तुला कळू नये म्हणून. तुला सगळंच कळत होतं. बरं झालं. आता मला लपवायला नको. लोक वळून बघत होते माझ्याकडं, मला लाज नाय वाटली. उलट मी पदर नीट केला. तो पाण्यात चालतो ना, त्याला दम लागतो, ते काढू नको हां, कोणी काय पण सांगू दे. दम लागतोच माणसाला. आणि तो पोचला. तुझ्या बापाचं मला कधी कळलं नाय, पण तो पोचला, मला माहीत हाय. आणि भाऊंना तू चांगलं दाखवलंस. लोक हसले पयल्यांदा, मग गप झाले बघ सगळे. आपल्यासाठी त्यांच्याएवढं कोणी लिवलं नाय. मी उगाच बोलत होते तुला इतकी वर्षं. आता ये घरी. जेवूनच जा लांज्याला.”

हे शब्द इंदूताईंचे आहेत. त्यांच्या अंगठ्यावर लिहिलेली ती तक्रार माझी होती. ज्याचे त्याच्या नावावर लावून मी खाली सही करीत आहे.